भासऱ्यांच्या पोटात गेलेल्या गोळ्या

“मॅडम, माह्या गोळ्या कमी भरून राहिल्या.”

लॉकडाऊन होता. मी अमरावतीच्या एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, काउन्सेलर होते. फोनवर दर्यापूरकडच्या शोभाताई. भाजीपाला आणि फुलं लावणारं घर. आठ वर्षांत एक गोळी चुकवलेली नाही.

“किती कमी?”

“नऊ. अन् आमचे भासरे वावरातल्या झोपडीत जाऊन बसले. सोताले कोरोना झाला म्हणतात.”

“ताप? खोकला?”

“काईच नाही. चक्कर येते अन् सपनं पडतात. म्हशी मोटरसायकल चालवतात म्हणे!”

माझी ट्यूब पेटली. शोभाताईंच्या गोळीनं सुरुवातीला चक्कर येते, भलभलती स्वप्नं पडतात. भासऱ्यांना, म्हणजे थोरले दीर वामनरावांना, मी फोन लावला.

“वामनराव, शोभाताईंच्या गोळ्या कावून खाल्ल्या?”



“मोबाइलवर आलं होतं. त्या गोळीनं कोरोना होत नाही म्हणून.”

“त्यानं कोरोना अडत नाही. पण त्यांची गोळी चुकली तर अंगातला विषाणू वाढेल, रक्तातले शिपाई कमी होतील. मग कोरोना झालाच तर त्यांना जड जाईल.”

“मले माईत नव्हतं, मॅडम. मंग मले काय झालं?”

“चोरीचे साइड इफेक्ट.”

एसटी बंद होती. भाजीच्या गाडीचा पास वामनरावांकडेच होता. म्हटलं, “उद्या तुम्हीच या. डॉक्टरांना दाखवा आणि शोभाताईंच्या गोळ्या न्या.”

आले. दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसत होते. रांगेत पुढच्या म्हाताऱ्या पेशंटनं दोन हात लांबूनच धीर दिला, “घाबरू नको बाप्पा. मी बारा वर्षांपासून खाऊन राह्यलो. गोळी तेवढी चुकवू नको.”

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

“नाही चुकवणार,” ते पुटपुटले.

डॉक्टरांनी तपासलं. कोरोना नव्हता. गोळ्या शिल्लक असतानाच नवी बाटली पोचल्यामुळे शोभाताईंचा एक दिवसही चुकला नाही. पुढची रक्ततपासणी उत्तम आली. एसटी सुरू होईपर्यंत वामनरावच औषध न्यायला येत राहिले.

तेव्हापासून “गोळ्या रोज घेता का?” एवढंच विचारून मी थांबत नाही. “घरात आणखी कोण घेतं?” हेही विचारते.