तोंड उघडून बसणारे भाडेकरू

अख्ख्या अकोला शहरात आमच्या माडीवरच्या भाडेकरूंना न भिणारा एकही माणूस नव्हता, आणि यात मी घरमालकालाही धरतो. भाडेकरू म्हणजे एकटेच गृहस्थ, दातांचे डॉक्टर. दातांच्या डॉक्टरला लोक भितातच, त्यात नवल नाही. पण यांना ज्यांचे दात ठणठणीत आहेत तेही भीत. उंच, वाळकुडा बांधा, अंगात बारा महिने पांढरा कोट, आणि चालताना पायांचा आवाज म्हणून नाही. आमच्या सागवानी जिन्याच्या एकवीस पायऱ्या इतक्या कुरकुरायच्या की मांजर चढलं तरी खाली कळायचं. भाडेकरू उतरले हे मात्र ते मागे येऊन उभे राहिल्यावरच कळायचं. बोलताना ते समोरच्याच्या डोळ्यांकडे कधी बघत नसत, तोंडाकडे बघत. माणसं त्यांच्या लक्षात राहत ती दातांवरून. एकदा किराण्याच्या दुकानात एक अनोळखी बाई कशावरून तरी हसली, तर हे पुढे होऊन म्हणाले, "तुमचे वडील चांदूर बाजारचे काय? हा सुळा त्याइचाच हाय." बाईचे वडील दोन महिन्यांपूर्वीच वारले होते. ती हातातला गूळ तिथेच टाकून जी गेली, ती पुन्हा त्या दुकानात दिसली नाही. भाडेकरूंना वाटलं, गूळ खराब असावा.

त्यांच्या खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर जबडे होते. म्हणजे प्लास्टरचे ठसे. कवळी करायची तर तोंडाचा ठसा घ्यावाच लागतो. पण काम झालं की कुठलाही शहाणा माणूस तो फेकून देईल. यांनी एकही फेकला नव्हता. दीडेकशे पांढरे जबडे, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं नाव, आणि दर सकाळी चहा पिता पिता भाडेकरू त्यांच्यावरून मऊ फडकं फिरवत. त्यातलं एखादं माणूस वारलं की ते त्याचा जबडा भिंतीकडे तोंड करून ठेवत. इथवरही ठीक होतं. पण एकदा मी वर गेलो तेव्हा तहसील कचेरीतल्या एका कारकुनाचा जबडा मला भिंतीकडे वळलेला दिसला. तो कारकून तर सकाळी मला पोस्टात भेटला होता. मी तसं म्हटल्यावर भाडेकरू नुसतं "हो काय?" म्हणाले आणि त्यांनी जबडा पुन्हा सरळ केला. तिसऱ्या दिवशी कारकून गेला. नंतर त्यांनी मला समजावलं की त्या गृहस्थांच्या हिरड्यांचा रंग त्यांना महिन्यापासून आवडत नव्हता. मी मास्तर माणूस, शास्त्रावर विश्वास ठेवणारा. पण माझे पुढचे दोन दात त्यांनीच बसवलेले, आणि त्या दिवसापासून वर गेलं की माझं पहिलं लक्ष माझ्या ठशाकडे जाई.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं. खाली मी, माझी बायको, माय आणि माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणायचो. दादा जन्मापासून अंथरुणावरचा. हातपाय त्याच्या मनाप्रमाणे चालत नसत, मधूनच झटके देत, आणि बोलणं त्याला कधी आलंच नाही. पण हसणं भरपूर आलं होतं. पस्तिशीचा दादा मायच्या हातचा घास खाऊन असा हसायचा की शेजारच्या घरी कळायचं, यांची जेवणं झाली. त्या वर्षी चैत्र लागला आणि ते हसणं बंद झालं. रोज भर बाराला, जेवण झालं की थोड्या वेळानं, दादा एका सुरात कण्हायला लागायचा. नुसतं कण्हणं नव्हे. खोल, लांबलेला, विहिरीतून यावा तसा आवाज, आणि तो तासभर थांबायचा नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळी दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं, दारंखिडक्या लावलेल्या असतात, आणि त्या शांततेत आमच्या घरातून तो सूर निघायचा. वर भाडेकरूंचं पायानं चालवायचं दात कोरण्याचं यंत्र सुरू झालं की दादाचा सूर त्या घुरघुरीत जाऊन मिळायचा. माझ्या अंगावर काटा यायचा, हे कबूल करतो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, पोट तपासलं. दादानं तोंड घट्ट मिटलेलं, तेव्हा तोंडाच्या वाटेला ते गेले नाहीत. अशा पेशंटला नागपूरला न्या, म्हणाले. मग मायनं नांदगावाकडचा एक भगत आणला. त्यानं डोळे मिटले, उदबत्ती ओवाळली आणि छताकडे बोट दाखवून सांगितलं, की वर मेलेल्यांची तोंडं हायेत, थे याच्या तोंडातून बोलून राहिली. मायला हे तंतोतंत पटलं, आणि खरं सांगू, मलाही ते नागपूरपेक्षा जवळचं वाटलं. दादानं आठ दिवसांपासून अन्न सोडलं होतं. चमचाभर पाणी पाजायलाही दोघं लागत. गालाची हाडं वर आली होती. तो जाणार, हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. मायनं मला बजावलं की आजच्या आज त्या माणसाला खोली खाली करायला सांग.

मी एकवीस पायऱ्या चढून गेलो. भाडेकरू जबडे पुसत होते. मी घसा खाकरून, जबड्यांकडे पाठ करून, जमेल तेवढ्या सभ्य शब्दांत सांगितलं की खोली लागणार आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दादा कोन्या बाजूनं चावतात?"

मला सांगता येईना. जन्मभर एका ताटाशेजारी बसून जेवलो, पण माझा भाऊ कोणत्या बाजूनं घास चावतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच उजेडात मला स्वतःची लाज वाटली. वर दातांचा डॉक्टर, खाली दुखरा दात, मधे माझ्याच घराचा जिना, आणि आम्ही भूत शोधत होतो. मी जरा चिडूनच विचारलं की तुम्हाला रोज ऐकू येत होतं तर तुम्ही खाली का नाही आलात.

भाडेकरूंनी फडकं खाली ठेवलं. पहिल्यांदाच ते माझ्या डोळ्यांकडे बघून बोलले. आठ वर्षांपूर्वी बार्शीटाकळीचा एक शेतकरी आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी समजेनं लहान, हातपाय दादासारखेच, पण गळा गोड. दिवसभर गाणी म्हणायची. बापानं तिला पाठीवर घेऊन जिना चढवला. खुर्चीत ती स्थिर बसेना, तोंड उघडेना. "मी बांधलं तिले," ते म्हणाले. "धोतरानं. बापानं पाय धरले. दात बरोबर काढला, मास्तर, सडकाच होता थो. पण थ्या दिवसापासून तिनं कोनापुढं तोंड उघडलं नाही. मायच्या हातची पेज दातांच्या फटीतून ओढते. गानं बंद झालं. मंग मी ठरवलं का अशा लेकराले हात लावाचा नाही." दर गुरुवारी दवाखाना बंद ठेवून भाडेकरू कुठे जातात, यावर आमच्या गल्लीत फार चविष्ट अंदाज होते. ते बार्शीटाकळीला जात होते. बारा ते एक त्या मुलीच्या ओट्यासमोर बसत आणि परत येत.

बसून काय करता, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मला दिसलंच. बाराच्या ठोक्याला भाडेकरू खाली आले, दादाच्या अंथरुणासमोर जमिनीवर मांडी घालून बसले, तोंडातून वरखालच्या दोन्ही कवळ्या काढून कोटाच्या खिशात घातल्या आणि त्यांनी आ वासला. दुसऱ्यांचे दात राखणाऱ्या या माणसाच्या तोंडात स्वतःचा एक दात नव्हता. नुसता काळोख. तसेच ते तासभर बसून राहिले, न हलता, न बोलता. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर देवाचं नाव घेत होती. बायकोनं मला विचारलं, की हे बरे आहेत ना. जाताना भाडेकरूंनी कवळ्या चढवल्या आणि म्हणाले, "तोंड उघड म्हनाचं नसते, मास्तर. आपन उघडाचं." कवळ्या काढल्या कशाला, तर दात दिसले की समोरच्याला चावरं जनावर दिसतं, म्हणून.

असं पाच दिवस चाललं. बाहेर ऊन, आत अंधार, एक माणूस कण्हतोय आणि दुसरा त्याच्यापुढे दंतहीन आ करून बसलाय. अचानक कोणी पाहुणा आला असता तर त्यानं स्टेशन गाठलं असतं. तिसऱ्या दिवशी दादाचा सूर जरा खाली आला. चौथ्या दिवशी तो नुसता बघत राहिला. मायनं मला बाजूला घेऊन विचारलं की पोरगं उद्यापर्यंत तरी राहील ना. पाचव्या दिवशी, साडेबाराच्या सुमाराला, दादानं भाडेकरूंच्या तोंडाकडे बघत बघत स्वतःचं तोंड उघडलं. हळूहळू, दार उघडावं तसं. आत डावीकडची शेवटची दाढ काळी पडली होती आणि हिरडी सुजून तिच्यावर आली होती.

त्यांनी घाई केली नाही. दादाचं डोकं मायच्या मांडीवर दिलं, त्याचा एक हात स्वतःच्या कोटाला धरायला दिला. बांधणं नाही, दाबणं नाही. सुई दिली, मग झटका आला की हात बाहेर काढत, झटका ओसरला की पुन्हा आत घालत. मी फक्त तसराळं धरून होतो. दाढ निघायला तीन तास लागले, कोटाचा खिसा फाटला, आणि दाढ तसराळ्यात पडली तेव्हा घरात इतकी शांतता झाली की मला पहिल्यांदा भीती वाटेनाशी झाली. दादा झोपला. मायनं भाडेकरूंचे आभार मानले नाहीत. तिनं विचारलं, "तुमाले दात नाही, तं पिठलं चालते ना जी?"

दाढ काढल्यावर चौथ्या दिवशी दादा हसला आणि शेजारीण भिंतीपलीकडून रडली. मी भाडेकरूंचं सगळं सामान, जबड्यांसकट, खाली ओसरीवर आणलं. मग जे कधीच जिना चढले नसते ते येऊ लागले. एक जण हातांवर सरकत आला, एका आजीबाईंना खाटेसकट आणलं, एक आंधळे गृहस्थ आधी सगळी हत्यारं हातानं चाचपून बघत आणि मगच खुर्चीत बसत. भाडेकरू आणखी सात वर्षं आमच्याकडे होते. दर गुरुवारी बार्शीटाकळी चुकली नाही. मी विचारायचो, काही फरक? ते म्हणायचे, "बसते समोर. पयले बसत नव्हती." एवढं सांगताना त्यांचा चेहरा फार चांगला दिसायचा.

एका सोमवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते खुर्चीतच गेले. पहिला गुरुवार दिवसपाण्याच्या गडबडीत गेला. दुसऱ्या गुरुवारी बार्शीटाकळीला कळवायला मी एस.टी.नं गेलो. घर सापडलं, मुलीची आई भेटली. मुलगी म्हणजे आता तीस-एकतिशीची बाई. अकोल्याहून आलो म्हटल्यावर, मी पुढे तोंड उघडायच्या आधीच आईनं विचारलं की डाक्टर मागच्या गुरुवारी आले नाहीत, ते कावून. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बारा वाजले, थे आले नाही. पोरगी ओट्यावर येऊन बसली जी, अन् तिनं तोंड उघडलं. पंधरा वर्सानं. तासभर तशीच बसून होती."

मी तिला बातमी सांगितली. ती एवढंच म्हणाली की तिले सांगू नोका.

बारा वाजले. मुलगी भिंतीला धरून धरून आली, ओट्यावर बसली आणि तिनं तोंड उघडलं. मी भाडेकरूंच्या जागेवर बसलो होतो. दातांतलं मला काही कळत नाही, तरी मी पाहिलं. खालच्या रांगेत एक दात नव्हता, ती जागा स्वच्छ भरून आली होती, बाकीचे सगळे शाबूत होते. हे त्यांना बघायला मिळायला हवं होतं, याचं मला इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले. मग माझ्या लक्षात आलं की ती माझ्याकडे बघतच नाहीये. माझ्या खांद्यावरून ती एस.टी.कडून येणाऱ्या वाटेकडे बघत होती. मी थोडा बाजूला सरकून बसलो.