बंबाची काच

मांडवीत आमच्या शेजारी हरिश्चंद्र शिवलकर राहतात. मी त्यांना हरिकाका म्हणतो. बाकीची मांडवी त्यांना बॉयलर म्हणते, अर्थात ते समोर नसताना. आंब्याच्या रसाच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी बॉयलरपुढे काढली. त्या वाफेवर रस तापायचा, डबे उकळायचे आणि काकांचं डोकंही गरम राहायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रस आणि डबे सुटले, डोकं मात्र अजून त्याच तापमानाला आहे.

त्यांचे वडील आत्माराम आगबोटीवर आगवाले होते, म्हणजे भट्टीत कोळसा मारायचे. त्यामुळे वाफ आपल्या घराण्यात आहे अशी काकांची समजूत. त्यांच्या लेखी जगात एकच यंत्र आहे. खाली आग, वर पाणी, मधे पत्रा. त्यावर भात ठेवला तर कुकर, मोदक ठेवले तर मोदकपात्र, आणि मोदकपात्राला भोंगा लावला की आगबोट. हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवीन.

सकाळी फिरायला निघाले की काका लोकांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्यांखाली थांबत. आतून कुकरची शिट्टी झाली की बाहेरून निकाल यायचा. "रबर सैल झालाय गो. शिट्टीत दम नाय." आतली बाई बिचारी डाळ सोडून पदर सावरायची. एकदोघींनी खिडक्या लावून घेतल्या. काकांच्या मते त्यांचे रबर खरोखरच खराब होते.

आणि सगळ्यांवर त्यांचा एक मंत्र. आधी काच, मग आग. कारखान्यातल्या बॉयलरला उभी काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. काच न बघता जो आग घालतो तो माणूस नव्हे, असं काकांचं मत. आपल्या हातून आयुष्यात कधी बॉयलर कोरडा पडला नाही, ही त्यांची एकुलती एक इस्टेट. बाकी घर वडिलांचं आणि टीव्ही मुलाचा.

घरी त्यांच्या ताब्यात राहिला तो एक तांब्याचा बंब. परसदारी, पेरूच्या झाडाखाली. मधल्या नळीत नारळाची सोडणं आणि करवंट्या टाकायच्या, भोवतीच्या पोटात पाणी, बाजूला तोटी. काका त्याला आमसुलाने घासून असा लखलखीत ठेवायचे की मालनकाकी म्हणायच्या, लग्नात मला एवढं निरखलं नाही. काकांनी त्यावर कहर केला होता. तांबटाकडून दोन तोट्या बसवून घेऊन त्यांनी बंबालाही काचेची नळी लावली होती. अख्ख्या रत्नागिरीत काच असलेला न्हाणीचा बंब हा एकच, असं ते सांगत. तपासायला कोण जातंय!

आता माझ्याबद्दल. माझं मांडवीच्या नाक्यावर वायरिंगचं दुकान आहे. पंखे, मोटारी, गिझर. काकांचा मुलगा अजिंक्य बोटीवर असतो. त्याने आईसाठी गिझर पाठवला आणि लावायचं काम मला सांगितलं. मी ड्रिल घेऊन गेलो तर काका दारात आडवे. त्यांनी खोक्याला चहूबाजूंनी प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "ह्याची काच कुठं हाय?"

"काका, ह्याला काच नसते. लाल दिवा असतो."

"मग ह्यो बॉयलर नाय. ही फसवनूक हाय."

मालनकाकी आतून आल्या. बारीक चणीच्या, आवाज हळू, पण त्या बोलायला लागल्या की काका पेपर शोधायला लागतात. त्या म्हणाल्या, "सागर, तू साक्षीदार. ज्या दिशी ह्यांच्या हातनं बंब कोरडा जळंल, त्या दिशी गिझर भितीवर. तवर खोका हितंच राहूदे."

काका इतके खूश झाले की त्यांनी मला चहाला थांबवून घेतलं. कोरडा? त्यांच्या हातून? खोकं ओटीवर गेलं आणि त्यावर काका पेपर ठेवू लागले. माझं ड्रिल घरी परतलं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण काकींच्या भावाने बुरोंडीला नवी होडी घेतली आणि तिच्या पूजेला काकी माहेरी गेल्या. जाताना त्यांनी डबे दाखवले, औषधं दाखवली. बंबाबद्दल काही बोलल्या नाहीत. बंबाबद्दल काकांना सांगणं म्हणजे वाघाला शिकार शिकवणं, असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून काकांनी मला हाक मारली. हाक कसली, कुजबुज. ज्या माणसाचा आवाज कारखान्याचा भोंगा बंद पडला तर वापरावा, तो कुजबुजतोय म्हटल्यावर मी धावलो.

बंबाच्या तोटीजवळचा सांधा सुटला होता. कथलाचा डाख वितळून तांब्यावर चंदेरी ओघळ आले होते. आत पाण्याचा टिपूस नाही, आणि मधल्या नळीत करवंट्या मजेत जळत होत्या.

"काका, काच नाही बघितलीत?"

"बगितली. भरलेली व्हती."

मी काच बघितली. खरंच वरपर्यंत लालसर पाणी दिसत होतं. टिचकी मारली तरी हलेना. मग कळलं. आमच्या जांभ्याच्या विहिरीच्या पाण्याने काचेच्या नळीला आतून गंजाचा थर धरला होता, नेमका पाण्याच्या उंचीपर्यंत. पाणी असो, नसो, काच कायम भरलेली. कारखान्यात दर पाळीला काच धुवून ती खरी बोलते की खोटी ते बघायचं, हा काकांचाच नियम. घरी कोण करतो? घरच्या बंबावर कोणी अविश्वास दाखवतो का?

काका पायरीवर बसले. मला खरंच वाईट वाटलं. माणसाची इस्टेट डोळ्यांदेखत वितळली होती. पण हे वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही, कारण काका उठले आणि म्हणाले, "मालन यायच्या आत डाख लावून आणू. तू साक्षीदार हायस. तू काय बगितलंस?"

"गिझर माझ्याच दुकानातून लागणार आहे, काका."

"म्हंजे तू काय बगितलं नायस."

बंब गार होईपर्यंत आम्ही थांबलो. मग रिक्षा बोलावली. एवढा तांब्याचा ऐवज उघडा नेला तर अख्खी मांडवी विचारणार, म्हणून काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत सोलापुरी चादरीत गुंडाळलं आणि वर स्वतःचा मफलर बांधला. मफलर कशाला, हे मी विचारलं नाही. बंब मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका त्याला खांद्याने आधार देऊन. रिक्षावाल्याला काका दर खड्ड्याला सांगत होते, "हळू रे, हळू. सांधा निखळलाय."

नाक्यावर गोदामावशी दिसली. मिरकरवाड्यावरून मासळीची पाटी घेऊन येत होती. मावशी ही मालनकाकींची मावसबहीण. तिने रिक्षात डोकावून बघितलं. चादरीत गुंडाळलेलं, मफलर बांधलेलं, मान टाकलेलं कुणीतरी. माझा चेहरा रडवेला, कारण बंब माझ्या पायावर होता. काका तिला दिसलेच नाहीत. ते तिला बघून बंबाच्या मागे लपले होते.

"सागर, कोन रे?"

मी काही बोलायच्या आत काकांनी मागून मला कोपर मारलं आणि माझ्या तोंडून "आई गं" एवढंच निघालं. रिक्षा पुढे गेली. मावशीने पाटी तिथेच खाली ठेवली.

तांबटाच्या दुकानात ठोकाठोकी चालू होती. पहिला फोन काकांच्या खिशात वाजला तेव्हा पडद्यावर मालन असं नाव आलं. काका फोनकडे साप बघावा तसे बघत राहिले. "उचलाया नको. आवाजावरनं वळखंल." मग माझा वाजला. तोही त्यांनी हिसकावून घेतला. तांबट म्हणाला, काम मोठं आहे, बंब ठेवून जा. तो पेशंट तिथेच भरती करून आम्ही दुपारी परत निघालो. काका आता जरा सावरले होते. रिक्षात त्यांनी मला आगबोटीच्या बॉयलरची गोष्ट सांगितली. मी ऐकली नाही.

गल्लीत शिरलो तर काकांच्या अंगणात निम्मी मांडवी. गोदामावशी ओटीवर बसून डोळे पुसत होती आणि गिझरच्या खोक्यावर कुणीतरी पेजेचा टोप आणून ठेवला होता. काका आपल्या पायांनी फाटकातून आत आले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग रागावून म्हणाली, "तुमी चालताव कसे?"

"पायानं," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मग चादरीत कोन व्हता?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी पेजेच्या टोपाकडे बघायला लागलो. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की बुरोंडीला फोन गेलाय, आणि मालनकाकी भावाच्या जीपमधून निघाल्यात. काकांचा चेहरा तेव्हा जो उतरला, तो बघून मावशीची खात्री पटली की माणूस आजारीच आहे. तिने त्यांना पेज प्यायला लावली. ते प्याले.

काकी संध्याकाळी पोचल्या. दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडून, दोन्ही नवरे फोन उचलत नाहीत म्हणून वाटेत देव पाण्यात घालून. दोन्ही नवरे म्हणजे एक त्यांचा आणि एक माझ्या बायकोचा. जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांचा पदर कुठे, चप्पल कुठे. काकांपुढे येऊन त्यांनी कपाळाला हात लावला, मग छातीला, मग दोन्ही दंड चाचपले. काका लहान मुलासारखे उभे राहिले. मग काकी सरळ परसदारी गेल्या.

पेरूखाली राखेचं गोल वर्तुळ होतं आणि वर काही नव्हतं.

"बंब कुठं हाय?"

"पॉलिशला दिलाय," काका म्हणाले.

"मफलर बांधून?"

काका पायाने राख सारखी करायला लागले.

"कोरडा पेटवलाव ना?"

सगळी मांडवी कान देऊन उभी. मला वाटलं आता काका गंजाचं सांगतील, विहिरीचं सांगतील, तांबटाने काच चुकीची बसवली म्हणतील. ते म्हणाले, "काच लाल झालेली, मालन. कदीपासून, काय म्हाईत नाय. मी रोज तीच बगायचो आनी भरलाय म्हनायचो." मग सगळ्यांसमोर, "पानी तू भरायचीस. मी नुसती आग घालायचो. खरी काच बुरोंडीला गेली व्हती."

काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभराची धास्ती होती ती, आणि आणखीही काही असावं. मलाही गलबलून आलं, ते मी लपवत नाही. मग मी व्यवहारावर आलो आणि विचारलं, "काकी, मग ड्रिल आणू?"

काकींनी नाक पुसलं. "नको. गिझर नको. बंब राहूदे तुमचा."

पैज जिंकलेली बाई पैज सोडून देते हे काकांनी कुठल्याच बॉयलरवर बघितलं नव्हतं. ते म्हणाले, "तू सोन्यासारकी बायको हायस."

"फक्त पानी आजपासून तुमी भरायचा."

"त्यात काय!" काका म्हणाले. "आमी कारखान्यात टाक्या भरल्यात."

कारखान्यात टाक्या पंप भरायचा. परसदारी पंप नाही, नळ नाही. विहिरीवरून कळशीने ओढायचं, पायऱ्या चढायच्या, कळशी छातीइतकी उचलून बंबात ओतायची, आणि कुणी बादली काढली की पुन्हा तेवढं ओतायचं. काकी हे लग्न होऊन आल्यापासून करत होत्या. डाख लावलेला बंब परत आला, काकांनी नवी काच बसवली आणि कळशी उचलली. पहिल्या दिवशी ते गाणं म्हणत होते. मग गाणं बंद झालं. मग कंबरेला पट्टा आला. दरम्यान काकींनी बुरोंडीच्या माहेरच्या बायकांना एकेक करून राहायला बोलावलं, आणि त्या सगळ्यांना कढत पाण्याने न्हाण्याची भारी हौस. काकी पायरीवर बसून तांदूळ निवडत आणि अधूनमधून विचारत, "काच बगितलाव का हो?"

एका सकाळी काका माझ्या दुकानात आले. इकडे तिकडे बघितलं. एक पंखा उगाच फिरवून बघितला.

"ड्रिल हाय काय रे?"

"आहे ना. का?"

"मालनचे गुडगे दुकतात. तिच्यासाटी गिझर लावूया म्हनतो."

मी गेलो आणि गिझर लावला. काकींनी चहा आणून दिला, काकांना त्यात आलं जास्त घातलं होतं, कंबरेसाठी. पहिलं पाणी कोण घेणार असं मी विचारलं तर काका टॉवेल घेऊन आधीच आत गेले होते. आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ एक समाधानाचा सुस्कारा.

काकींनी माझ्या कपातला उरलेला चहा बघितला, आणखी ओतला, आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "लाल दिवा बगितलाव का?"

"बगितला," आतून आवाज आला. मग जरा वेळाने, हळूच, "तू पन येकदा बगून घे."

काकी चहाचं भांडं खाली ठेवून बघायला गेल्या.