एक क्रमांक, दोन नळ्या

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत, पण सोलापुरातल्या एका रक्ततपासणी लॅबची तक्रार मला अजून जशीच्या तशी आठवते.

मोहोळचा एक तरुण आमच्या पोलीस ठाण्यात आला. लॅबच्या रिपोर्टनुसार त्याच्या आईची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. दुसरीकडे तपासलं, तर सगळं ठीक.

"सायेब, तितल्या तंत्रज्ञ बाईनं मुद्दाम रिपोर्ट बदललाय. रांगेवरनं भांडण झालं हुतं की आमचं!"

बाईंना बोलावून जबाब घेतला. नोकरी जायची वेळ आली होती, तरी आवाज ठाम होता. "साहेब, नळीवर नाव नसतं, नंबरचं स्टिकर असतं. रक्त कुणाचं तेच मला कळत नाही, मग बदलू कसं?"

चौकशीसाठी लॅबमध्ये गेलो, तेव्हा काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "साहेब, त्याच सकाळी आणखी एका पेशंटचं रक्त सापडलंच नाही. लई गर्दी असली की असं होतं."

एक रिपोर्ट चुकीचा आणि एक नमुना गायब, तोही एकाच वेळी? मला राहवेना. संगणकप्रणाली बनवणाऱ्या तरुणाला बोलावलं आणि नोंदणीच्या दोन्ही काउंटरवर एकदमच नावं नोंदवायला लावली. बऱ्याच प्रयत्नांनंतर दोन्हीकडून एकाच क्रमांकाचं स्टिकर बाहेर आलं.

तरुणाचा चेहरा उतरला. "नोंद केल्यावर प्रणाली विचारते, शेवटचा क्रमांक कोणता? मधल्या क्षणात दुसऱ्या काउंटरची नोंद झाली, तर पहिल्यालाही तिचाच क्रमांक मिळतो. खरं तर 'मी आत्ता केलेल्या नोंदीचा क्रमांक दे' असं विचारायला हवं होतं."

एका रुग्णाच्या दोन नळ्या असतातच, म्हणून लॅबमध्ये कुणाला शंका आली नव्हती.

"मग ते आजारी रक्त कुणाचं?" मी विचारलं.

तरुणाच्या आईच्या लगेच आधीची नोंद होटगीच्या एका रेल्वे कामगाराची होती. मी स्वतः फोन केला. "रक्त हरवलं म्हनले. सवडीनं जाईन म्हनलं. का वो साहेब?"

गाडी पाठवून त्याला रुग्णालयात आणलं. आजार त्याचाच होता. वेळेत उपचार झाले, माणूस वाचला.

प्रणाली दुरुस्त झाली, जुने रिपोर्टही पुन्हा तपासले. मोहोळचा तरुण बाईंसमोर मान खाली घालून उभा राहिला. "ताई, चुकलं माझं." त्यांनी विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

जबाब जुळले नाहीत की खोटारडा शोधायचा, ही आम्हा पोलिसांची सवय. इथं खोटं कुणीच बोललं नव्हतं, संगणकसुद्धा. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. पुढे कुणाच्या उत्तरावर संशय आला, की मी आधी पाहत असे, त्याला नेमकं विचारलं काय होतं.