पासावरची दुसरी जागा

बाळांनो, हे मी आत्ता लिहिते आहे, कारण तुमच्यापैकी धाकटीने शाळेत माझ्यावर निबंध लिहिला आणि तो तुमच्या बाबांनी मला फोनवर वाचून दाखवला. माझी आजी लॉकडाऊनमध्ये भुकेल्या माणसांसाठी गाडी चालवायची, ती कशालाच घाबरली नाही, असं त्यात आहे. निबंध छान आहे. पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं नाही. मी चाळीस वर्षं मुलांचे निबंध तपासले आहेत. चूक दिसली की माझ्याने ती तशीच सोडवत नाही. बाबांना हे सावकाश वाचायला सांगा, आणि एखादा शब्द अडला तर त्यांना थांबवा.

तुम्ही मला कायम कारच्या डाव्या सीटवर बसलेली पाहिली आहे, म्हणून आधी सांगते की मी चांगली ड्रायव्हर होते. तुमच्या आजोबांची रेल्वेतली ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. त्यांच्यावर अवलंबून राहिलं तर बाजार कधीच व्हायचा नाही, म्हणून मी चाळिशीत गाडी शिकले. झाशीच्या बाजारात बैल, टेम्पो आणि नवरदेवाची घोडी एकाच गल्लीत येतात. तिथे जो शिकतो, तो कुठेही चालवतो.

लॉकडाऊन लागलं तेव्हा मुंबई, पुणे, नाशिककडून हजारो माणसं झाशीवरून पुढे आपापल्या गावी चालत निघाली होती. आमच्या खंडेराव गेटजवळच्या काही निवृत्त मंडळींनी जमून रोज पुऱ्या, बटाट्याची भाजी, चणे आणि पाणी वाटायला सुरुवात केली. कोणाची तरी जुनी व्हॅन मिळाली. तिच्या मागच्या सीटा काढून जागा केली. चालवणार कोण, हा प्रश्न होता. तरुणांना त्यांच्या घरचे सोडेनात, म्हाताऱ्यांना रस्त्यावर यायची परवानगी नव्हती. माझं वय कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

गाडीला सरकारी पास लागायचा. तो काचेवर आतून चिकटवलेला असे. त्यावर गाडीचा नंबर, ‘केवळ खाद्यसामग्री’ असा शेरा आणि दोन नावं: चालक आणि एक सहायक. माझे सहायक होते शेजारचे निवृत्त गार्डसाहेब. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गेलेला माणूस. माझ्या शेजारी बसले की म्हणत, “बहनजी, पहली बार आगे का रास्ता देख रहा हूँ.” आमचा नियम पक्का होता. मी स्टिअरिंग सोडायचं नाही, ते उतरून वाटणार. आणि गाडीत कोणालाही घ्यायचं नाही. हा नियम मीच बैठकीत मांडला होता. एकाला घेतलं तर दहा जण धावत येतील, पास रद्द होईल आणि सगळ्यांचंच जेवण थांबेल. सगळ्यांनी मान डोलावली होती. मला तो नियम आजही चुकीचा वाटत नाही.

एके दिवशी गार्डसाहेबांचा गुडघा सुजला. पुढे मोठ नावाच्या गावी पाकिटं उतरवून घ्यायला माणसं होती, म्हणून मी एकटीच निघाले. कानपूर रस्त्यावर शहराबाहेरच्या नाक्याला पोलिसाने गाडीकडे पाहिलं, पासाकडे पाहिलंही नाही. “चलिए माताजी,” म्हणाला. तो रोजच असं म्हणायचा.

नाक्यापुढे काही अंतरावर एका लिंबाखाली पाणी द्यायला थांबले. एक जोडपं सावलीत बसलं होतं. बाई तिशीतली असेल. तिने चपलेला ओढणीची चिंधी बांधली होती. मी काच खाली करून पाण्याची पाकिटं पुढे केली आणि सवयीने पुटपुटले, “सांडेल हं, नीट धर.”

ती चटकन उठली. “आजी, तुम्ही मराठी?”

झाशीत मराठी बोलणाऱ्या माणसासाठी मी किती आसुसलेली असते, ते तुमच्या बाबांना विचारा. ही बाई इकडचीच, टहरौलीची, पण बारा वर्षं नाशिकला इमारतींच्या कामावर होती. तिची मराठी स्वच्छ होती, थोडी नाशिकच्या वळणाची. तिने फार वेळ घेतला नाही. आई अत्यवस्थ होती. भावाचा फोन आला होता.

“मला एकटीला घ्या, आजी. टहरौलीच्या फाट्यापर्यंतच. तिथून भाऊ सायकलवर नेईल. हे येतील मागून चालत.”

नवरा म्हणाला, “हाँ अम्मा, हमाई चिंता नईं. इनें बिठा लो.”

तेव्हा मी हिंदीत उत्तर दिलं. नियम सांगायचा असला की माझी जीभ आपोआप हिंदीत जाते, शाळेत शिपायाशी बोलताना जायची तशी. “देखिए, इसमें सवारी की इजाज़त नहीं है.” काचेवरच्या पासाकडे बोटही दाखवलं. तिने वाचायचा प्रयत्न केला, पण पास गाडीच्या समोरून वाचता येईल असा लावलेला होता आणि ती बाजूच्या खिडकीशी उभी होती. मी चार पाकिटं जास्त दिली आणि निघाले. शेजारची सीट मोकळी होती. त्या सीटवर माझी पर्स आणि पाण्याची बाटली होती.

फाटा मला लागला. तिथे एक माणूस सायकल धरून उभा होता. मी वेग कमी केला नाही.

संध्याकाळी मी हे गार्डसाहेबांना त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, जरा अभिमानानेच, की नियम पाळला. त्यांनी गुडघ्यावरचा शेक बाजूला ठेवला.

“अरे बहनजी, मेरे नाम पर बिठा लेतीं. मुँह तो सबका बँधा है. कौन पूछता, गार्ड है कि गार्डन?” ‘गार्डन’ म्हणजे त्यांच्या लेखी बाई-गार्ड. मग हसू आवरून म्हणाले, “हम तो मालगाड़ी में भी बिठा लेते थे. बीमारी वाले को कौन छोड़ता है.”

पास दोन माणसांचा होता. त्या दिवशी मी एकटी होते. पुढे एकही नाका नव्हता. रस्त्यावर त्या दोघांशिवाय कोणीही नव्हतं, धावत येणारे दहा जण नव्हते. हे सगळं मला लिंबाखालीही दिसत होतं. दुसऱ्याच्या नावावर तिसऱ्याला बसवायचं, हे मला सुचलंच नाही. मी कधी कोणाच्या हजेरीवर दुसऱ्याला ‘प्रेझेंट’ म्हणू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तो रस्ता हळू चालवला. ती दिसली नाही.

काही आठवड्यांनी आमची गाडी कोरडा शिधा घेऊन टहरौलीला गेली. गार्डसाहेब वाटत होते. मी स्टिअरिंगवर होते. रांगेतून एक बाई सरळ माझ्या खिडकीशी आली.

“आजी, तुम्हीच ना?”

मी मास्क खाली केला. दुसरं काय करणार होते?

“आई गेली,” ती म्हणाली. “आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. ती सकाळी गेली. ऊन फार, घरच्यांनी ठेवली नाही.” तिने खिडकीच्या काठावर हात ठेवला. “आदल्या संध्याकाळपर्यंत विचारत होती म्हणे, कहाँ तक आ गई. भाऊ सांगायचा, झाँसी आ गई, बस आ रई. मीच त्याला झाशीहून फोन केला होता ना, फाट्यावर ये म्हणून. मला वाटलं, गाडी मिळेल.”

माझी नजर काचेवरच्या पासावर गेली.

“तुमचाही नियम होता,” ती म्हणाली. तिने मलाच समजावलं. मग तिने विचारलं की मी पाणी पिणार का, गाडी उन्हात उभी आहे.

तेव्हा सांगायला हवं होतं. की सीट तुझी होऊ शकत होती, कागदावरही. ती मला ओरडली असती, कदाचित थुंकलीही असती, आणि तो तिचा हक्क होता. मी पाणी प्यायले आणि तिला माझा फोन नंबर दिला.

गार्डसाहेब दोन वर्षांपूर्वी गेले. व्हॅन ज्याची होती, त्याने विकली. आमची मंडळी आता जमत नाहीत. ती बाई नाशिकला परत गेली, तिचं काम चालू आहे. दर दिवाळीला तिचा फोन येतो. ती माझ्या तब्येतीची चौकशी करते, मी तिच्या मुलांची करते. पासावर दुसरी जागा होती, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.