बाबांसाठी पुढची सीट

आसेगाव सोडलं त्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा घातला होता. तांब्यात निखारे घालून मायनं त्याला इस्त्री केली होती. पुण्याला नर्सिंगला माझा नंबर लागला होता. शेलूबाजारहून काळीपिवळी जीपनं अकोल्याला जायचं, तिथून रेल्वे. बाबा मला रेल्वेत बसवून परतणार होते. स्टँडवर आम्ही लवकर पोचलो, म्हणून जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. बाबा पहिल्यांदाच पुढे बसले होते. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोरच्या काचेतून असे बघत होते, जणू हा रस्ता त्यांनीच बांधलाय.

तेवढ्यात एक बडं प्रस्थ आलं. ड्रायव्हर माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा असेल. तो बाबांना म्हणाला, "ए भाऊ, तू माघं हो. मालक बसतीन इथी."

बाबा मुकाट्यानं उतरले. आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसानं जीपमध्ये पुढे बसू नये, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच पडली नव्हती. मी पण त्यांच्यामागोमाग मागच्या बाकड्यावर जाऊन बसले.

मग जीप सुरूच होईना. तिथला रिवाज तुम्हाला माहीत आहे. पुढचे बसून राहतात, मागचे पुरुष उतरून धक्का मारतात. बाबांनी बाह्या सारल्या आणि जोर लावला. जीप दोन आचके देऊन सुरू झाली, बाकीचे पळत येऊन लटकले. बाबांची एक चप्पल निसटली. ती उचलायला ते वाकले आणि मागे राहिले.

"थांबवा! माझे बाबा राह्यले!" मी ओरडले.

"आता थांबली त पुन्हा चालू नाही होनार, पोरी. येतीन माघच्या गाडीनं."

मागची गाडी भरल्याशिवाय निघत नाही. बाबा अकोल्याला पोचले तेव्हा माझी रेल्वे गेलेली होती. त्या दिवशी मला शेवटचे दिसले ते रस्त्याच्या मधोमध उभे, एका हातात चप्पल, दुसरा हात हलवत. मी पुण्यापर्यंत रडले, असं लोकांना वाटेल. रडले अकोल्यापर्यंतच. पुढे नुसता राग होता, आणि तो पंचवीस वर्षांत कमी झालेला नाही.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हा दोघांनाही यंदा माझ्या गाडीबद्दल बरंच बोलायचं होतं. म्हणून हे लिहितेय.

आता मी पुण्यात एका हॉस्पिटलात वॉर्डची सिस्टर इनचार्ज आहे. सासर-माहेर दोन्ही वाशिम जिल्ह्यातलं, नवरा प्रशांत शिक्षक, दोन मुलं. गाडी घ्यायची ठरली आणि घराची जणू ग्रामसभाच झाली. प्रशांतला इलेक्ट्रिक हवी होती. मी म्हटलं, आसेगावात मोबाइल चार्ज करायला लाइटची वाट बघावी लागते, तिथं गाडीला वायर कुठून लावणार? गावाहून माझा चुलतभाऊ विलास फोनवर सांगायचा, "ताई, डिझेलची मोठी घे. धा मानसं बसली पायजेत. हायब्रिड म्हंजे ना धड इकडची ना धड तिकडची."

त्याला काय सांगू? मीही तशीच आहे. पुण्यात बोलले की लोक विचारतात, तुम्ही विदर्भातल्या का. गावात बोलले की बाया हसतात, पुन्यावाली झाली म्हणून. आधी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. दोन्हीवर चालणारी गाडी दोन्ही ठिकाणी पोचते, एवढं मला पुरे आहे.

मी हायब्रिड कॉम्पॅक्ट एसयूव्ही बघायचं ठरवलं. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर सरकते, पेट्रोल कमी पिते, ब्रेक दाबला की स्वतःच चार्ज होते. शिवाय उंच आहे, म्हणजे आमच्या वस्तीच्या रस्त्यावर पोट घासणार नाही. शोरूममधला माणूस हे सगळं प्रशांतला समजावत होता. मला त्यानं फक्त विचारलं, "मॅडम, कलर कोणता आवडेल?"

मी म्हटलं, "कलर नंतर बघू. चालवणार मी आहे. आधी डिकी उघडा."

बॅटरीमुळे काही हायब्रिड गाड्यांची डिकी लहान होते, हे मी वाचलं होतं. म्हणून घरून तुरीचा एक भरलेला कट्टा घेऊन गेले होते. प्रशांत म्हणाला, "इज्जत घालवशील." घालवली. चकचकीत फरशीवरून आम्ही दोघांनी पोतं ओढत नेलं. पहिल्या गाडीत ते आडवं जाईना. दुसरीत गेलं आणि वर बॅगांना जागा उरली. मग मी पुढच्या डाव्या सीटवर तीनदा बसले, तीनदा उतरले. गुडघे धरलेल्या, मोतीबिंदू झालेल्या माणसाला तिथं बसता-उतरता यायला हवं होतं. बाकी सगळं एका बाजूला, ती सीट एका बाजूला. मला बाबांना पुढे बसवायचं होतं. गाडी घेण्याचं दुसरं कारण विचाराल तर मी खोटं सांगेन.

निघायच्या आदल्या दिवशी मायचा फोन आला. "फाट्यावर आली का जावयाच्या हाती दे गाडी. बाई चालवत आली त लोक काय म्हनतीन?"

"लोकायले म्हना, रस्त्यातून बाजूला व्हा," मी म्हटलं. माय हसली की चिडली, फोनवर कळलं नाही.

फाट्यावर मी गाडी कुणाच्याही हाती दिली नाही. गावात मीच चालवत शिरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना डोळे दाखवायला अकोल्याला न्यायचं होतं. गाडीभोवती अर्धी वस्ती जमली. बाबा आले, तोच पांढरा रंग, नवा सदरा. सवयीनं त्यांनी मागचं दार उघडलं.

"बाबा, पुढं."

"जावईबापू बसतीन ना पुढं."

प्रशांत आधीच मागे, माय आणि मुलांमध्ये चेपून बसला होता. बाबा पुढे बसले. हात पुन्हा मांडीवर. मी बटण दाबलं. गाडी तयार झाल्याचा दिवा लागला. आवाज काहीच नाही.

बाबांनी थोडा वेळ वाट बघितली. माझ्याकडे बघितलं. मग पट्टा कसा निघतो ते चाचपून काढला, दार उघडलं आणि खाली उतरले. मला वाटलं काही विसरलं. आरशात बघते तर बाबा गाडीच्या मागे! बाह्या सारलेल्या, दोन्ही हात डिकीवर, आणि विलासला हाक मारताहेत, "ये रे, लाव हात! चालू नाही होऊन राह्यली!"

विलास धावला, अजून दोघं धावले. लोक हसायला लागले. मुलंही हसली. मला हसू आलं नाही. पाय ब्रेकवर होता, तो मी इतका दाबला की पोटरी दुखली. मग गाडी पार्कमध्ये टाकून मी खाली उतरले.

"बाबा, चालू हाय गाडी."

"मंग आवाज काहून नाही?"

"असीच असते ते. तुमी बसा."

"आगं, तरी लावतो ना धक्का. मले कुठी जड हाय!"

मी त्यांचे हात डिकीवरून काढले. भर वस्तीत, सगळ्यांदेखत म्हटलं, "तुमी लय धक्के मारले. आता नाही मारायचे. तुमी बसल्याबिगर हे गाडी हालनार नाही."

हसणं थांबलं. बाबा सावकाश पुढे येऊन बसले. पट्टा मी लावला.

शेलूबाजारच्या स्टँडजवळ आलो. जीप अजून तिथंच भरतात. मी मुद्दाम गाडी कडेला घेऊन उभी केली. इंजिन आपसूक बंद झालं आणि बाबा घाबरले. "थांबू नको सुजाता! बंद पडली त?"

"नाही पडत. हे थांबते अन् पुन्हा निंगते."

बाबा स्टँडवरच्या जीपांकडे बघत राहिले. त्यांनाही ती जागा आठवत होती, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. मोतीबिंदूचं पाणी असेल, असं म्हणायची सोय होती, पण मी म्हणणार नाही. आम्ही दोघंही रडलो.

घर कुठलं, आसेगाव की पुणे, असं लोक मला विचारतात. माझं उत्तर आता ठरलं आहे. जिथून निघताना बाबांना रस्त्यावर सोडावं लागत नाही, ते माझं घर. त्या सकाळी ते शेलूबाजारच्या स्टँडवर, कडेला उभं होतं.

बाबांनी पाय लांब केले, पाठ सीटला टेकवली आणि समोरच्या काचेतून बघत म्हणाले, "चाल आता अकोल्याले. मांगच्या टायमाले मले उशीर झाला होता."