कोळणीने विचारलेली शिवी

बाळांनो, काल फोनवर तुम्ही एकमेकांना हसत ‘रास्कल’ म्हणालात आणि मला परळच्या बाजारातली कोळीण आठवली. तिच्याकडून मी नेहमी मासळी घेते, नाव मात्र कधी विचारलं नाही.

तिचा मुलगा होडीवर जायला नको म्हणाला, तेव्हा तिने चारचौघांत त्याला ‘रास्कल’ म्हटलं. तो घर सोडून गेला, अजून परतला नाही.

“बाई, जाम वाईट शिवी हाय का ती?” पापलेट कापताना तिने विचारलं.

मी म्हटलं, आता अर्थ बदमाश असाच आहे. पण पूर्वी इंग्रज कळपातल्या हडकुळ्या हरणालाही रास्कल म्हणत. अंगावर मांस नाही म्हणून शिकारी त्याला सोडून देत.

तिचा हात थांबला.

“हडकुळाच हाय माझा,” ती म्हणाली. “शिकारी सोडतात, बाई. मी आई असून नाय सोडला.”