डावीकडे ओढणारी गाडी

आप्पा त्या दिवशी डेअरीच्या कठड्याला गाडी घासून घरी आले आणि म्हणाले, "गाडी डावीकडं वढतीया." मी लगेच मान डोलावली. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मात्र बसल्या जागेवरून बोलला, "नाचता येईना अंगण वाकडं. आप्पा, किल्ली द्या हिकडं." बापाशी असं बोलतात का? कितीतरी दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

गाडी म्हणजे आमचा जुना पिकअप. आप्पांनी त्यातून निपाणीची भाजी बेळगावला पोचवली आणि आम्हा दोघांना शाळेतही त्यातूनच सोडलं. किल्ली गेली की आप्पा खाटेवर बसणार, आणि खाटेवर बसलेल्या ड्रायव्हरचं काय होतं ते मी आमच्याच गल्लीत बघितलंय. म्हणून दोष गाडीचाच निघायला हवा होता.

मी बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यात कामाला आहे. तिथल्याच एका मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानं खाली शिरून पहारीनं हलवून बघितलं. "आर्मचे बुश गेल्यात की, आक्का." पुढचं चाक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारा लोखंडी दांडा म्हणजे आर्म, आणि तो ज्या रबरी कड्यांवर वरखाली होतो ते बुश. रबर खरंच चिरलं होतं. मला इतका आनंद झाला की ते फाटकं रबर पिशवीतून घरी आणून मी अण्णाच्या पुढ्यात आपटलं.

नवे बुश बसले. आप्पा एक फेरी मारून आले आणि खाली उतरता उतरता म्हणाले, "अजून वढतीया गं."

मग मी हट्टालाच पेटले. कोल्हापूरहून पॉलीचे बुश मागवले, रबरापेक्षा कडक, सहजी न दबणारे. "म्हाताऱ्या गाडीला ही असली थेरं कशाला? गचके लई बसतील," मिस्त्री म्हणाला. बसू देत, म्हटलं. त्यानं ते बसवले, चाकांची अलाइनमेंट केली, स्वतः चालवून बघितली आणि गाडी सरळ चालते म्हणून सांगितलं. मी त्याच्यावरच खेकसले, पुन्हा बघायला लावलं. त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा बघितलं.

चहा पिताना आप्पांच्या डाव्या हातातली बशी कलायची. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा. दिसत होतं की सगळं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि माझी काडी त्या दांड्यात बसवलेली होती. कुणी डॉक्टरचं नाव काढलं की मी बुशांचं बोलायला लागायचे.

रविवारी आप्पा आणि मी हायवेला गेलो. कडक बुशांमुळे बारीक खडासुद्धा पाठीला कळत होता. आप्पांच्या हातात गाडी हळूहळू डावीकडे सरकली आणि चाक खडीत उतरलं. त्यांनी वर घेतली, ती पुन्हा उतरली. त्यांनी गाडी थांबवली. "तू चालव बघू."

मी स्टेअरिंगवर बसले. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ निघाली. आप्पा शेजारून रस्त्याकडे बघत होते. मी स्टेअरिंग अगदी किंचित डावीकडे वळवलं.

"वढतीया की हो, आप्पा," मी म्हटलं.

उजवा हात पुढे करून त्यांनी माझी बोटं एकेक करून स्टेअरिंगवरून सोडवली. लहानपणी माझ्या मुठीतली माती काढायचे तशी. मी हात मांडीवर ठेवले.

रस्ता सरळ होता आणि गाडी सरळ चालली होती. ओढ गं बाई, थोडी तरी ओढ, असं मी मनातल्या मनात म्हणत राहिले.

"गाडी बरी हाय," आप्पा म्हणाले. "धर आता नीट."